लटारूभाऊंनी जप्त केलेला केक

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. अहेरीत चुलीवर केक होत नाही, असं मला कुणी सांगू नये. मी केला आहे. त्याला साक्षीदार नाही, एवढंच!

नागपूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी आमचे हे मला टेकडीवर घेऊन गेले. खाली सगळं शहर पसरलेलं, एकेक दिवा लागत चाललेला, आणि माझ्या हातात बेकरीतला केक. असं सुख मी जन्मात पाहिलं नव्हतं. परतताना हट्टानं एक भांडं घेतलं. गोल, मधोमध उभी नळी, झाकणाला भोक. आच नळीतून वर येते आणि केक मधूनही भाजतो, असं दुकानदार म्हणाला.

हे जंगल खात्यात कारकून. प्रत्येक गोष्टीला अट घालायची सवय.

"केक झाला तर दिवाळीनंतर पुन्हा नागपूर, पुन्हा टेकडी," हे म्हणाले. "नाई झाला तर या भांड्यात कोंबडी बसवीन."

"झालाच म्हणून समजा," मी म्हटलं, आणि शेजारच्या शकुबाईला जेवणानंतर केक खायला बोलावूनही टाकलं.

अडलं ते मनुकांपाशी. बाजारात एक मनुका मिळेल तर शपथ! पण घरात सुकी मोहफुलं होती. दिसायला मनुकेसारखी, गोडही तशीच. मऊ व्हावी म्हणून रात्री भिजत घातली. वैशाखाचे दिवस, सकाळपर्यंत त्यांना भलताच वास सुटला. मी मागे हटणारी नव्हते. कणीक, गूळ, तूप, अंडी फेटून मोहफुलांसकट भांड्यात ओतलं. झाकण येताना मोटारीत चेपलं होतं, म्हणून त्याची कड ओल्या कणकेनं लिंपली आणि भांडं परसातल्या चुलीवर चढवलं.

थोड्या वेळानं कुंपणावरून आबकारीचे जमादार लटारूभाऊ डोकावले. मोहाच्या दारूची हातभट्टी शोधण्यात यांचं नाक तालुक्यात प्रसिद्ध.

"काय उकळून राह्यल्या, बाई?"

"केक."

"हे नाव नवीन दिसते. मोहफूल आहे का याच्यात?"

"आहे न. रातभर भिजवलं."

"आन् तोंड कणकेनं लिंपलं?"

"वाफ जाऊ नये म्हणून."

"नळी?"

"मधोमध आहे. तिच्यासाठीच तर नागपूरहून आणलं!"

माझ्या भांड्याची इतकी आस्थेनं चौकशी कुणी केली नव्हती. मी अगदी खुलून सांगत होते.

लटारूभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, आजपावेतो इतकं सरळ कोणीच कबूल नाई केलं." आणि धोतराच्या सोग्यानं धरून त्यांनी भांडं चुलीवरून उचललं.

"अवो, अजून भाजाचा आहे थो!"

"उरलेलं आबकारी नाक्यावर भाजू."

ते पुढे, उलथणं घेऊन मी मागे, आणि माझ्या मागे ठेवणीतलं लुगडं नेसून, रिकामी ताटली घेऊन आलेली शकुबाई. नाक्याचं दार आतून बंद झालं. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. मग दाराच्या फटीतून असा खरपूस वास आला की माझ्या डोळ्यात पाणीच आलं. झाला होता हो माझा केक!

तोवर हेही धापा टाकत आले. दार उघडलं. लटारूभाऊ मिशा पुसत बाहेर आले.

"गुणवंतराव, बाई सुटल्या. दारू नाई निघाली."

"मंग काय निघालं?" यांनी विचारलं.

"सांगा न, लटारूभाऊ," मी म्हटलं. "केक होता का नाई? माझ्या नागपूरचा सवाल आहे."

लटारूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग आत तोंड पुसत बसलेल्या आपल्या आबकारीच्या साहेबांकडे. जप्तीचा माल खाल्ला असं कोण कबूल करेल? त्यांच्या मिशीत मोहफुलाचा तुकडा मला स्वच्छ दिसत होता.

"भांडं रिकामंच होतं, बाई," ते म्हणाले.

अशी मी दारूच्या आरोपातून सुटले, आणि केकच्याही. सध्या त्या भांड्यात कोंबडी बसते, नळीला टेकून, मोठ्या ऐटीत. तिची अंडी मी कुणाला खाऊ देत नाही, जमवते आहे.

परवा लटारूभाऊ कुंपणाशी घुटमळले. "पुन्हा कधी करता, बाई?"

"साक्ष देत असाल तर उद्याच," मी म्हटलं.

मिशीवरून हात फिरवत निघून गेले. सकाळी ओसरीवर टोपलीभर मोहफुलं होती. जप्तीतलीच असावीत.