आठशेच्या वर न जाणारा प्रोसेसर

माणूस यंत्र विकत घेतो ते काम करून घेण्यासाठी, असा एक जुना गैरसमज आहे. यंत्र स्वस्त असेल तर तो टिकतोही. महाग असेल तर पहिल्या आठवड्यातच दूर होतो.

आमचे भाऊजी दंतवैद्य. ताईचा व्यवसाय लग्नाच्या फिल्म जोडून देण्याचा. तिचा जुना संगणक धापा टाकू लागला, म्हणून भाऊजींनी तिच्यासाठी नवा जोडायचं ठरवलं, आणि तोही 'शौकिनांच्या' मदरबोर्डावर. (शौकीन म्हणजे ज्याला संगणक चालण्यापेक्षा किती वेगाने चालतो यात रस असतो तो.) खोक्यावर ज्वाळांचं चित्र होतं. भाऊजींनी खोकंही जपून ठेवलं.

संगणक सुरू झाला. प्रोसेसरचा वेग पाच हजार मेगाहर्ट्झ असायला हवा होता. पडद्यावर आकडा आला आठशे, आणि तिथून तो हलेना. ताईने कामाला लावला तर माउसचा बाणसुद्धा टप्प्याटप्प्याने जाऊ लागला.

भाऊजींनी ताबडतोब निदान केलं: आळस. आजकालच्या प्रोसेसरांना म्हणे सवयच असते. काम नसलं की डुलकी काढतात, त्याला वीजबचत म्हणतात. अंग तापलं की हात आखडता घेतात, त्याला सुरक्षा म्हणतात. "माझ्या दवाखान्यात असं कुणी वागलं तर मी एक दिवस ठेवणार नाही," भाऊजी म्हणाले, आणि सगळ्या सवलती रद्द करण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

सेटिंगचा पडदा वापरणाऱ्याच्या सोयीचा विचार करूनच बनवलेला असतो. प्रत्येक पर्यायाखाली खुलासा असतो. 'सी-स्टेट नियंत्रण' याखाली लिहिलं होतं, 'याने सी-स्टेटचं नियंत्रण होतं.' पुढे निवड असते: चालू, बंद आणि आपोआप. (आपोआप म्हणजे नक्की काय, हे विचारणं असभ्य समजलं जातं.) भाऊजींनी वीजबचत बंद केली, डुलकी बंद केली, तापमानाची मर्यादा वाढवली. पंखे असे घोंघावू लागले की शेजारच्या काकू विचारायला आल्या, पिठाची गिरणी टाकली का. वेग मात्र आठशे.

मग इंटरनेटवर जगभरच्या जाणकारांचा सल्ला घेण्यात आला. पहिला म्हणाला, वीजपुरवठा बदला. दुसरा म्हणाला, पहिल्याचं ऐकू नका. बहुसंख्यांनी कळवलं की त्यांनाही हाच त्रास आहे, आणि त्याचा भाऊजींना फार आधार वाटला. एकाने लिहिलं होतं, 'माझा प्रश्न सुटला, सर्वांचे आभार.' कसा सुटला ते न सांगता तो कायमचा निघून गेला होता.

इकडे एका नवरीचे फोन सुरू झाले. लग्न होऊन बरेच महिने झाले होते. "ताई, लवकर द्या हो," ती म्हणाली. "आमचं दोघांचं बोलणं बंद आहे. निदान फिल्म बघून तरी कळेल, हो का म्हटलं होतं ते."

ताई फोन ठेवून सरळ संगणकापाशी आली. झाकण उघडंच होतं. भाऊजी बॅटरी लावून आत डोकावत होते, अगदी अक्कलदाढ शोधावी तसे.

"अहो, हे कोपऱ्यातलं इवलंसं बटण कसलं?"

"ते होय? ती खास सोय आहे," भाऊजींचा चेहरा उजळला. "काही अस्सल शौकीन वेग आणखी वाढवायला प्रोसेसरवर थंडगार द्रव नायट्रोजन ओततात. तेव्हा तो दगावू नये म्हणून हे बटण सरकवून त्याला मुद्दाम हळू करायचं. साध्या बोर्डावर नाही मिळत हे. त्याचेच तर जास्त पैसे."

"मग आत्ता ते चालू आहे की बंद?"

"चालू. बोर्डावरचं प्रत्येक बटण मी बसवतानाच चालू केलंय. पैसे मोजलेत तर..."

भाऊजी थांबले. ताईने त्यांच्या हातातली बॅटरी काढून घेतली. (एकत्र संसार केलेल्या माणसाला याहून कठोर काही बोलता येत नाही.) तिने नखाने बटण सरकवलं.

वेग पाच हजार. त्याच दुपारी फिल्म तयार होऊन नवरीकडे गेली. संध्याकाळी दोघांचा एकत्र फोन आला. फिल्मचं संगीत भिकार आहे यावर नवरा-बायकोचं पूर्ण एकमत झालं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच. बोलता बोलता दोघं हसत होती. ताईने संगीत बदलून दिलं नाही. म्हणाली, चाललंय ते चालू दे.

भाऊजी मात्र मलूल झाले. दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं. दोन दिवस ते नुसते हिरमुसून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वीजबचत पुन्हा चालू केली, तिचा वेगावर काही परिणाम होतो का ते पाहायला. आता घरात पुन्हा भाऊजींची आनंदाची शीळ ऐकू येते.

तुम्ही हसलात, आमची हरकत नाही. पण हे वाचताना मध्येच तुम्ही आपल्या संगणकाचा वेग पाहून आलात, हे आमच्या लक्षात आलंय. कमी दिसला ना? मग घाबरून काही बंद-चालू करू नका. यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही त्याला काही कामच दिलेलं नाही.