झोपलेलं दुकान

समोरचा नुसता ‘हॅलो’ म्हणाला, की त्याचं घराणं, स्वभाव आणि चहात साखर किती घेतो हे आपल्याला कळतं, असं सक्करदऱ्याच्या कृष्णकांतरावांचं ठाम मत होतं. रविवारी लेकीचं, दामिनीचं साक्षगंध! तिचा होणारा नवरा अनिश. त्याचं जरीपटक्यात गाद्यांचं दुकान. तयारीचं विचारायला मे महिन्याच्या भर दुपारी त्यांनी त्याच्या घरी फोन लावला. उचलला अनिशच्या आत्याने, यमुताईंनी.

“अनिश आहे का जी?”

“तो झोपला.”

“अन् दुकान?”

“दुकानही झोपलं!”

कृष्णकांतरावांनी फोनच ठेवून दिला.

“सुमती, घात झाला वं! दुकान झोपलं! धंदा बुडाला अन् पोट्टा हाय खाऊन पडून राहिला!”

“चांगलं विचारा तं खरं!” बायको म्हणाली. दामिनीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. पोरगा तिच्या मनात पुरता भरला होता.

“विचारतो कशाले? पाहूनच येतो!” डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते स्कूटरवरून निघाले.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ते वाकून आत शिरले. आत कूलर घरघरत होता आणि जावईबापू गादीवर आडवे!

“अनिश! दुकान झोपलं म्हणे?”

अनिश धडपडत उठला. “रोजच झोपते जी! या उन्हात कोण येते गादी घ्याले? चारले उठते.”

कृष्णकांतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी दुपट्टा सोडून घाम पुसला. अनिशने पाणी दिलं, म्हणाला, “टेका जरा काका.” ते टेकले. समोर कूलर, खाली मऊ गादी. दुसऱ्याच मिनिटाला घोरायला लागले!

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकांची झोप मोडू नये म्हणून अनिश अगदी हळू आवाजात बोलला, “काकू, काका उन्हातून आले, गादीवर टेकले... अन् शांत झोपले.”

पलीकडून किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

मायलेकी ऑटोतून रडतच उतरल्या. शटर आता पूर्ण वर होतं. सुमतीबाईंनी दारातच हंबरडा फोडला, आणि मध्येच थांबल्या. आतून घोरणं ऐकू येत होतं. तीस वर्षं ज्या आवाजाला त्यांनी शिव्या घातल्या, तो आज त्यांना सनईसारखा गोड लागला.

कृष्णकांतरावांनी डोळे उघडले. “काहून रडून राहिली वं?”

“तुम्ही झोपले म्हणे!”

“मग? झोपलोच तं होतो!”

दामिनी रडता रडता हसायला लागली. “बाबा, मग साक्षगंध?”

“रविवारीच! दुकान एकदम जोरात आहे. मले तं यमुताईंच्या आवाजावरूनच समजलं होतं.”

अनिश संकोचून पुढे आला. “काका, जरा उठता का? गिऱ्हाईक कधीचं थांबलं आहे.”

“मग दाखव ना त्यायले गाद्या!”

“सगळ्या दाखवल्या जी. पण तुमची झोप पाहून त्यायले हीच पायजे.”