बिनपोटाचं वाद्य

"थळच्या किनाऱ्यावर खेकडा बिळातून बाहेर पडला ना, तरी तो कुनाकडं चाललाय ते मला आधी कळतं!" असं भागोजी पाटील रोज सकाळी चहाच्या दुकानात सांगत. ऐकणारे माना डोलवत. पोलीस पाटलाच्या पैशानं चहा मिळत असेल तर मान डोलवायला कुणाचं काय जातं!

खरं सांगायचं तर त्या वर्षी भागोजींची झोप उडाली होती. पाटीलकीचा बापजाद्यांपासून चालत आलेला वारसाहक्क सरकारनं मोडीत काढला. आता पाटील कोण राहणार, ते अलिबागचे साहेब ठरवणार. आणि साहेबांपुढे भागोजींची पत काय? एकदा 'सोन्याची पेटी वाहून आली' म्हणून त्यांनी फौजदारांना खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरवलं होतं. पेटीत निघाले सुके बोंबील! तेव्हा फौजदार एवढंच म्हणाले होते, "पाटील, पुन्हा मला असं रिकामं पळवलंत तर पाटीलकीला रामराम ठोका."

तेव्हा भागोजींना एक गुन्हेगार हवा होता. अगदी खराखुरा. आणि देवानं तो शेजारीच दिला!

शेजारी येसाजी सुतार. होड्यांची कामं करायचा. त्याचा मुलगा सदा मुंबईत लग्नाच्या बँडात वाजवायचा. एका रविवारी सदा रेवसच्या लाँचनं आला, गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी बापाच्या हाती दिलं आणि जेवायलाही न थांबता परत गेला. घरचं कोलंबीचं कालवण सोडून! भागोजींच्या मिशा ताठ झाल्या. ते तडक येसाजीच्या पडवीत.

"काय रं येसाजी, पोरानं काय आनलं?"

"गिटार हाय. वाद्य. मुंबईला रंग मारलाय, पन खरबरीत आलाय. घासून आरशावानी करून द्यायचाय. म्होरल्या रविवारी वांद्र्याला मोठं लग्न हाय. हे तयार न्हाय झालं तर बँडवाला सदाला काढून टाकील."

भागोजींनी वाद्य पाहिलं. वाद्य कसलं, पिकल्या मिरचीसारखी लालभडक फळी! ना तार, ना दांडी.

"ह्याचं पोट कुठाय?"

"ह्याला पोट नसतं, पाटील."

"सतारीला भोपळा असतो, ढोलकीला पोट असतं. बिनपोटाचं वाद्य वाजतं कसं?"

"विजेवर."

"विजेवर?" भागोजी गरजले. "अरं, विजेवर दिवा लागतो! उद्या सांगशील, कंदिलावर तबला वाजतो!"

फळीच्या मधोमध दोन चौकोनी खाचा होत्या आणि एका खाचेतून दुसरीत जाणारं बारीक भोक होतं. भागोजींनी हळूच बोट घातलं. किनाऱ्यावर चोरून उतरणारं सोन्याचं बिस्किट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण ते ह्या खाचेत चपखल बसेल याची त्यांना शंभर टक्के खात्री पटली.

"ह्या खाचा कशाला?"

"यंत्र बसतं त्यात. यंत्र सदाकडं हाय. पाटील, हात काढा! आनि निघा आता, मला दार लावायचंय. वाऱ्यानं रेती येते. एक कन जरी घासायच्या कागदाखाली आला तर ओरखडा पडंल."

आणि त्यानं पाटलांच्या तोंडावर दार लावलं! भरदिवसा! थळात दिवसा दार लावतं कोण? भांडणारे नवराबायको, नाहीतर चोर. येसाजीची बायको तर माहेरी गेलेली. म्हणजे उरलं काय?

झालं! भागोजींनी येसाजीच्या कुडाच्या भिंतीला एक फट शोधली आणि डोळा लावला. त्यांची बायको मनुबाई परसातून ओरडली, "अवो, लोकांच्या घरात काय डोकावताय? डोळ्यात काडी जाईल!"

"गप! सरकारी काम चाललंय!"

आत येसाजी काळा, बारीक कागद साबणाच्या पाण्यात बुडवून फळी घासत होता. गोल गोल, हळू हळू. आणि काय आश्चर्य! जिथं जिथं हात फिरला तिथली चमक गेली. लालभडक फळी बघता बघता चुलीतल्या राखेसारखी झाली. येसाजी मात्र खूश! मान तिरकी करून बघतो आणि हसतो!

भागोजींनी सायकल काढली ती थेट अलिबाग.

"साहेब, मानूस वस्तू घासतो ती चकचकीत करायला का मळकी करायला?"

"चकचकीत करायला," फौजदार म्हणाले.

"मंग हा येसाजी चकचकीत वस्तू मळकी का करतोय? सांगा! कुनाची नजर जाऊ नये म्हनूनच ना? वर आत छुपं कप्पं हायती!"

फौजदारांनी डोकं खाजवलं. बोलण्यात तथ्य तर वाटत होतं. "पाटील, पुन्हा बोंबील निघाले तर?"

"तर पाटीलकी तुमच्या पायाशी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार दोन शिपाई घेऊन हजर. अर्धं थळ मागं. भागोजींनी दणकन दार ढकललं आणि जागीच थिजले. येसाजीच्या मांडीवर फळी होती. लालभडक. अशी चमकत होती की फौजदारांना तिच्यात स्वतःची टोपी दिसली. त्यांनी ती सरळ केली.

"मळकी फळी कुठाय, पाटील?"

"बदलली, साहेब! ह्यानं माल बदलला!"

मग झडती. तांदळाची कणगी उपसली, माळ्यावरची जळणाची लाकडं खाली आली. शिपायानं खुराड्यात हात घातला तर कोंबडीनं तो असा टोचला की शिपाई अंगणभर नाचला. दुसरी फळी काही सापडेना.

"हीच ती फळी," येसाजी वैतागून म्हणाला. "वरचा खरबरीतपना घासला की आधी चमक मरते. मंग पालिशचं मलम लावून फडक्यानं चोळली की आली परत! कुना सुताराला इचारा."

लोक फिदीफिदी हसू लागले. फौजदार हसत नव्हते. ते नुसते भागोजींकडे बघत होते, आणि त्या नजरेत भागोजींना आपली पाटीलकी लाँचमध्ये बसून निघालेली दिसली. त्यांचा धीर सुटला.

"सोनं रंगाच्या खाली हाय! दोन खाचांच्या मधी तिसरी खाच बुजवलीय! थांबा, दावतो!"

होडीच्या फळ्या घासायचा जाडाभरडा कागद कोपऱ्यात पडला होता. कुणी हात धरायच्या आत भागोजींनी तो उचलला आणि खर्रर्र, खर्रर्र! लाल रंग उडाला. खालून लाकूड निघालं. आणखी घासलं. आणखी लाकूड निघालं!

कुणी हसलं नाही. येसाजी कपाळाला हात लावून मटकन खाली बसला.

फौजदार थंडपणे म्हणाले, "येसाजी, तक्रार दे. बाकीचं मी बघतो."

येसाजीनं उघड्या पडलेल्या लाकडाकडे बराच वेळ पाहिलं. मग पाटलांकडे पाहिलं. "तक्रार नको, साहेब. शेजारधर्म हाय. पन पाटलांनी शनिवारपातुर हितं बसून माझ्या हाताखाली घासावं. सगळी फळी, पयल्यापासून."

"घासतो! घासतो!" भागोजी म्हणाले.

आणि घासू लागले! साबणाचं पाणी, काळा कागद, गोल गोल, हळू हळू. "जोर नको, पाटील. पाठ वाकवा. आता कडा घ्या." दार बंदच, रेती येते ना! पण कुडाला फटी भरपूर आणि प्रत्येक फटीला एक डोळा. एका फटीतून मनुबाईचा आवाज आला, "घरी कदी तांब्या घासला न्हाय, आनि हितं बघा!"

भागोजींचे खांदे भरून आले, बोटांची सालं निघाली. पण खरं दुःख वेगळंच होतं. सगळी फळी चमकली, तरी मधला तो चट्टा गजकर्णासारखा उघडाच! तिथं मारायला तसला रंग थळात कुठला? आपल्या संशयापायी एका पोराची भाकरी जाणार, ह्या विचारानं त्यांना घास गोड लागेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला.

शनिवारी सदा आला. भागोजी हात जोडून पुढे झाले. "सदा, माझ्याकडनं पाप झालं. बँडवाल्याचं पाय मी धरीन. तू काय न्हाय बोलायचं."

"काय झालं, काका?"

भागोजींनी बोटानं चट्टा दाखवला. सदानं पाहिलं. पिशवीतून यंत्र जडवलेली एक काळी, पसरट पट्टी काढली आणि फळीवर ठेवली. खाचा झाकल्या, चट्टा झाकला, वर चार बोटं जागा आणखी झाकली. त्यानं स्क्रू पिळायला घेतले.

"हितं ही पट्टीच बसते की, काका! खालचं कुनाला दिसतंय?"

भागोजींनी आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून येसाजीकडे पाहिलं. येसाजी बशीतल्या चहावर फुंकर मारत होता.

"येसाजी, तुला हे ठावं व्हतं?"

येसाजीनं एक लांब भुरका मारला.

"पाटील," तो म्हणाला, "असा उगाच कुनावर संशय घेऊ नये!"