सात दातेरी संशयित

गुप्तहेर भाऊजींच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. हे त्यांनीच सांगितलं, आणि ते सांगत असतानाच त्यांच्या बशीतल्या बिस्किटाचा कण उचलून एक मुंगी टेबलाच्या कडेला पोहोचलीसुद्धा.

"माझा मेंदू म्हणजे यंत्र आहे, यंत्र!" भाऊजी पुढे म्हणाले.

बारक्याला ते पटलं. घरातल्या कुठल्याही यंत्राला भाऊजींचा हात लागला की ते बिघडतं, आणि डोक्याला तर ते सारखाच हात लावत असत.

बारक्या हा त्यांचा मेहुणा. नावाला बारक्या, अंगानं दरवाजाएवढा. बदली झाली म्हणून बहिणीकडे राहायला आला आणि त्याच दिवशी, न विचारता, गुप्तहेराचा सहायक म्हणून नेमला गेला. पगार नाही, बोलणी मात्र भरपूर.

आजचं प्रकरण ताईच्या सायकलचं होतं. ताई टेकडीवरच्या दवाखान्यात कंपाउंडर, आणि दवाखान्याच्या किल्ल्या तिच्याकडे. गेल्या आठवड्यापासून ऐन चढावर सायकलचा मागचा गिअर आपोआप बदलायचा. चेन खडखडत भलत्याच दातेरी चाकावर उडी मारायची, ताईला उतरून सायकल ढकलावी लागायची, आणि तोवर पेशंट पायरीवर खोकत बसायचे. आज सकाळी डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुपारी पुन्हा उशीर झाला तर किल्ल्या देऊन टाका. मी दुसरं माणूस बघतो."

"सायकलवाल्याचं दुकान बंद आहे, म्हणून नाइलाजानं तुमच्या हातात देतेय," ताई म्हणाली. "माझं जेवण होईपर्यंत बघा. आणि अहो, फार काही करू नका."

शेवटचं वाक्य भाऊजींनी ऐकलंच नाही. ते अंगणात पोहोचले होते.

"आधी घटनास्थळ मोकळं करा!" त्यांनी हुकूम सोडला आणि कॅरिअरखाली पट्ट्यानं आवळलेली जाड कापडी पिशवी स्वतःच सोडवली. पिशवी त्यांचीच होती. आत भिंग, टेप, पकड आणि एक हातोडी. रस्त्यात एखादा गुन्हा घडला तर बायकोची अडचण व्हायला नको, म्हणून त्यांनी ती मोठ्या प्रेमानं सायकलला बांधून दिली होती. आता भिंग काढून घेऊन पिशवी त्यांनी आपल्या आईच्या खुर्चीशेजारी ठेवली. आई शर्टाला बटण लावत बसल्या होत्या.

बारक्यानं सायकल मागून उचलून धरली. भाऊजींनी हातानं पेडल फिरवत गिअर बदलले. सगळ्यात लहान चाकापासून मोठ्यापर्यंत चेन शहाण्यासारखी चढली, शहाण्यासारखी उतरली.

पिशवी पुन्हा बांधून बारक्यानं अंगणात एक फेरी मारली. फाटकाजवळच्या खड्ड्यात चाक गेलं, आणि खाड! चेन उडाली.

पिशवी काढली, सायकल उचलली. गिअर पुन्हा गुणी बाळ.

"पाहिलंस? आपली नजर असली की साळसूद!" भाऊजी कुजबुजले. "हे सात दातेरी चाकांचं एकत्र कुटुंब आहे. एकाच दांड्यावर नांदायचं म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. माझा संशय शेंडेफळावर आहे. आकारानं लहान, पण जोर सगळ्यात जास्त काढावा लागतो. मनात राग असणारच."

भिंग लावून त्यांनी सातही चाकांची उलटतपासणी घेतली. एकही बोललं नाही. मग एकदम ते किंचाळले, "रक्त!"

गिअरच्या दोन बारीक स्क्रूंवर लाल ठिपके होते, अगदी ताजे वाटावेत असे.

"गुन्हेगार घरातलाच आहे," असं म्हणून भाऊजींनी बारक्याच्या बोटांकडे रोखून पाहिलं.

बारक्याला मनापासून वाईट वाटलं. सख्ख्या बहिणीची नोकरी जायची वेळ आलीय आणि संशयित कोण, तर आपण! वर सायकल धरून दंड भरून आलेत ते वेगळंच.

"दाब दिल्याशिवाय कोणी कबूल होत नाही," म्हणत भाऊजींनी दोन्ही स्क्रू जीव खाऊन पिळले. पेडल फिरवताच चेन सगळ्यात मोठ्या दातेरी चाकालाही ओलांडून थेट मागच्या चाकाच्या तारांमध्ये जाऊन अडकली.

"प्रगती आहे," भाऊजी म्हणाले. "आता आपण बघत असतानाही बिघडतोय."

"गेल्या आठवड्यात नवीन काय झालं ते आठवा ना," बारक्या काकुळतीला येऊन म्हणाला.

"शेजाऱ्यानं फाटक रंगवलं! लाल रंग! म्हणजे ते रक्त नव्हेच!"

"तू सूनबाईला पिशवी दिलीस की," आई दोरा तोडत म्हणाल्या.

"आई, भेटवस्तूला कोणी संशयित धरतं का?"

एवढ्यात ताई हात पुसत बाहेर आली. तारांत गुंतलेली चेन पाहून तिचा चेहरा उतरला. "फार काही करू नका म्हटलं होतं ना?"

"ताई, त्या स्क्रूवर रक्त आहे म्हणे," बारक्या म्हणाला.

"नेलपॉलिश आहे ते. लग्नाच्या पहिल्या वर्षीच शहाणी झाले मी. घरातल्या प्रत्येक स्क्रूवर ठिपका आहे, पंख्यापासून दाराच्या कडीपर्यंत. यांनी पिळला की स्क्रू उलटा फिरवून ठिपका जागेवर आणायचा."

तिनं चेन सोडवली, दोन्ही ठिपके जागेवर आणले, पेडल फिरवलं. गिअर सुरळीत. मग सासूबाईंकडे एकदा बघून तिनं पिशवी बांधली आणि खाली वाकली. कॅरिअरजवळून गिअरकडे जाणारी केबल पिशवीच्या पट्ट्यातच आवळली गेली होती. ताईनं पिशवीला धक्का दिला. पिशवी हिंदकळली, केबल ताणली गेली, आणि खाड!

ताईनं पिशवी सोडवली, नवऱ्याच्या गळ्यात घातली आणि सायकलवर टांग मारली.

फाटकातून टेकडीचा रस्ता दिसायचा. तिघंही तिथं जाऊन उभे राहिले. ताई रोज जिथं उतरायची ते वळण आलं तेव्हा भाऊजींनी बारक्याचा दंड घट्ट धरला. ताई उतरली नाही. थोड्या वेळानं दवाखान्याचं दार उघडलं आणि पायरीवरची माणसं एकेक करून आत गेली. भाऊजींचे डोळे भरून आले.

"गुन्हेगार घरातलाच आहे, असं मी म्हटलं होतं की नाही?" ते नाक ओढत म्हणाले.

"म्हणाला होतात," बारक्या म्हणाला. "माझ्याकडे बघून."

भाऊजींनी मान खाली घातली. गळ्यातल्या पिशवीत हातोडी होती, त्यामुळे मान तशीही खालीच होती.