अर्धी गाडी रस्त्यावर

"सरकारला माझ्याकडून एक पेनीसुद्धा जादा मिळणार नाही!"

ट्रेव्हर बॅराक्लफने मे महिन्यात कुंपणावरून ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला फक्त शेजारची नसरीन होती, आणि तिच्या हातात कचऱ्याची पिशवी होती. पण आवाज असा, की समोर सगळं हॅलिफॅक्स शहर सभेला जमलंय!

घोषणेला कारण होतं. गालिच्यांच्या गिरणीत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या ट्रेव्हरने उभ्या जन्मात पहिल्यांदा दिमाखदार गाडी घेतली होती. काळी, जर्मन, लोण्यासारख्या कातडी बैठकांची. वय पाच वर्षं आठ महिने. किंमत चौदा हजार पौंड. आणि ती घरी आली ती स्वतःच्या चाकांवर नव्हे, तर भाड्याच्या ट्रकवर बसून, पालखीतून उतरणाऱ्या नवरीसारखी!

"चालवत का नाही आणलीस?" नसरीनने विचारलं.

"कर! चालवली की कर आला. आणि हिच्यावर साधा कर नाही, श्रीमंतांचा जादा कर आहे. ऐक. नवी असताना जिची छापील किंमत चाळीस हजारांच्या वर, तिला दुसऱ्या वर्षापासून सलग पाच वर्षं वरचे चारशे दहा पौंड. दर वर्षी! मी ती कितीला घेतली, याला काडीची किंमत नाही."

"म्हणजे माहेरच्या श्रीमंतीचा दंड सासरच्यांनी भरायचा?"

"अगदी तसंच! विकणाराच म्हणाला, पहिल्या मालकाने हिच्यावर त्रेचाळीस हजार घातलेत. पण सप्टेंबरात हिची शिक्षा संपते. तोवर गाडी रस्त्यावर आणणार नाही, असं सरकारला कळवायचं आणि गॅरेजात ठेवायची. कर शून्य!"

"अरे राजा, चार महिन्यांचा जादा कर होतो कितीसा?"

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे!"

पैसे वाचवायचे असले, की यॉर्कशरचा माणूस त्याला तत्त्व म्हणतो. नसरीनचा जन्म याच गल्लीतला, त्यामुळे ती कचऱ्याची पिशवी टाकायला निघून गेली.

ट्रेव्हरचं संगणकाशी जमत नसे. गाडीची कागदपत्रं बायकोच्या, मॉरीनच्या नावावर होती आणि सरकारला कळवण्याचं कामही तिच्याकडेच. तिने कागद पुढ्यात घेतले, चष्मा लावला, दहा मिनिटं खटखट केली.

"झालं?"

"झालं," मॉरीन म्हणाली.

"बघ! डोकं लागतं डोकं!" ट्रेव्हरने स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली.

तेव्हापासून दर रविवारी दोघं गॅरेजात सहलीला जाऊ लागली. खरंच! मॉरीन थर्मासात चहा भरायची, काकडीची सँडविचं घ्यायची, टोपी घालून शेजारी बसायची. ट्रेव्हर स्टिअरिंग धरायचा. किल्ली मात्र फिरवायची नाही, उगाच बॅटरी झिजते!

"आज कुठे आलो?" मॉरीन विचारायची.

"स्कार्बरो. समोर समुद्र."

"समुद्राने तुझं गवत कापायचं यंत्र किनाऱ्याला आणून टाकलेलं दिसतंय."

ती रागवायची नाही. तिचं मागणं एकच होतं. ऑगस्टच्या सोळा तारखेला लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवशी तिला ट्रेव्हरबरोबर, याच गाडीतून, व्हिटबीला जायचं होतं. बंदराच्या भिंतीवर बसून मासे आणि बटाट्याचे तळलेले काप खायचे होते.

"पंधरा दिवस थांब की! सप्टेंबरात जाऊ!"

"लग्न सप्टेंबरात झालं नव्हतं, ट्रेव्हर."

सोळा तारीख उजाडली. मॉरीन निळा कोट घालून, केस विंचरून दारात उभी! तत्त्व एकीकडे, निळा कोट दुसरीकडे. मधला मार्ग म्हणून ट्रेव्हरने गाडी ढकलत गॅरेजाबाहेर, आपल्याच अंगणातल्या उतारावर आणून ठेवली. अंगण खाजगी, तिथे कर नाही!

"आज उन्हात बसून सहल करू," तो म्हणाला. मॉरीन एक शब्द न बोलता आत बसली, ती थेट स्टिअरिंगमागे. ते शब्द न बोलणं फार वाईट असतं, हे चाळीस वर्षांत ट्रेव्हरला कळायला हवं होतं! पण त्याचं लक्ष चाकांकडे. चाकाची खालची बाजू धुवायची राहिली होती.

"मॉरीन, ब्रेक सोड. वीतभर पुढे येऊ दे!"

मॉरीनने ब्रेक सोडला. गाडी वीतभर आली. मग हातभर आली. मग तिला उताराची गोडी लागली!

"पुरे! पुरे!" ओला फडका नाचवत ट्रेव्हर मागे धावला. गाडी फाटकातून निघाली, फुटपाथ ओलांडला आणि थांबली. मागची दोन चाकं अंगणात, पुढची दोन सरकारी रस्त्यावर. अर्धी गाडी करमुक्त, अर्धी गुन्हेगार!

तेवढ्यात चढावरून बस आली. थांबली. भोंगा वाजला.

"काका, गाडी हलवा!" ड्रायव्हर ओरडला.

"हलवता येत नाही! कर भरलेला नाही!"

"मग? गाडी पेट्रोलवर चालते ना? का करावर?"

बसमध्ये हशा पिकला. मॉरीनने किल्लीला हात घातला.

"हात लावू नकोस!" ट्रेव्हर किंचाळला. "आत्ता अर्धेच सापडलोय, सुरू केलीस तर पूर्ण सापडू! ढकलायची! सगळ्यांनी खाली उतरा!"

आणि काय सांगू, उतरले की लोक! बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून, बाह्या सरसावून! पाच प्रवासी, ड्रायव्हर, पायात चपला अडकवून धावत आलेली नसरीन. "एक, दोन, तीन!" गाडी जर्मन, उतार यॉर्कशरचा. दोघंही हटेनात! ट्रेव्हरचा चेहरा बीटासारखा लाल.

"राजा, पुरे आता," नसरीन धापा टाकत म्हणाली. "मॉरीन, सांगून टाक बाई. माझी कंबर गेली."

"काय सांगून टाक?"

मॉरीनने काच खाली केली. "कर भरलेला आहे, ट्रेव्हर. मे महिन्यातच."

"जादा कर भरलास?!"

"जादा लागतच नाही. मी कागदावरचा नंबर घातला, तर पडद्यावर साधाच कर आला. म्हणून फोन करून विचारलं. नवी असताना हिची छापील किंमत एकोणचाळीस हजार सहाशे. कातडी बैठका वगैरे पहिल्या मालकाने नोंदणी झाल्यावर बसवून घेतल्या. ते धरत नाहीत."

"आणि तू तीन महिने..."

"दर गुरुवारी तू दिवसभर क्लबात बोल्सचे गोळे घरंगळवायला गेलास की मी फेरी मारून येत होते. व्हिटबी दोनदा झालं."

"एकदा मीही होते," नसरीन गाडीच्या मागून म्हणाली. "मासे काय सुरेख होते!"

ट्रेव्हर फडका हातात घेऊन उभा. ही बाई! फोन लावला, नियम समजून घेतला, गाडी नेली, आणली, पुसून जागेवर ठेवली, आणि रविवारी टोपी घालून गॅरेजातला समुद्र पाहिला! छाती फुगावी की मान खाली घालावी, त्याला कळेना.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण तू सगळ्यांना तो नियम समजावत होतास ना, इतकं आनंदी तुला मी कधी पाहिलं नव्हतं. आणि समुद्र मी पाहिला रे. तुझ्याबरोबर पाहायचा राहिलाय."

बसमधल्या एका आजीने डोळे पुसले. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. ट्रेव्हरने फडका नसरीनच्या हातात दिला, शर्ट खोचला आणि भर रस्त्यात छाती काढून म्हणाला, "चल! व्हिटबी! सरक पलीकडे, मी चालवतो!"

मॉरीन हलली नाही.

"त्या बाजूला बस, राजा. विम्यात गाडी चालवणारी म्हणून माझं एकटीचंच नाव आहे, दुसऱ्याने चालवायची नाही. तुझं नाव घातलं की हप्ता वाढत होता."