काकांचा पाणीपुरवठा

काकूंनी सकाळी काकांना "दादा" अशी हाक मारली आणि काकांचे धाबे दणाणले. मागे काकूंचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा काका हसले होते. आता मुकाट्याने काकूंचे रक्त तपासून आणले. रिपोर्टमध्ये एकच आकडा लाल होता, सोडियम कमी. डॉक्टरीणबाईंची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली.

"हात्तिच्या! सोडियम म्हणजे मीठच की!" काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात शिरले. भाजीत मीठ, सूपमध्ये मीठ, चहासुद्धा सुटला नाही. काकूंच्या घशाला कोरड पडली. मग काय, पाणी द्यायला काका होतेच. सारी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याचे पंप चालवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर चालवायला पंप उरला नाही, तेव्हापासून ते काकूंना उठता-बसता पेले भरून देत. पाणी प्रकृतीला चांगले, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

संध्याकाळी काकूंनी विचारले, "तुम्ही जेवूनच जाणार ना?"

ही आपल्याला विसरली तर उरलेले आयुष्य कुणाशी भांडायचे? घाबरून काकांनी आणखी एक पेला भरला.

"मीठ कमी नाही पडलं, काका," दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी जास्त झालंय. सूपमध्ये पाणी ओतत राहिलं की ते अळणी लागतं ना, तसं. त्यात काकूंची ही रक्तदाबाची गोळीही सोडियम घटवते, ती मी बदलून देते. किती पाणी पितात काकू?"

काकांनी खरे ते सांगितले. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

काकूंना दवाखान्यात ठेवले, पाणी मापात आले आणि त्यांचे डोके ताळ्यावर आले. घरी परतल्यावर काका गुन्हेगारासारखे दारात उभे राहिले.

"अगं, नको होतं तर प्यायचीस कशाला? सांगायचं ना!"

"अख्ख्या गावाला पाणी पाजलंत, पण घरात कधी पेला उचलला होतात? आता कुठे स्वतःहून आणून देत होतात. नको कसं म्हणू?"

"मग आता काय आणू?"

"काही नका आणू. नुसते येत जा."

काका बाहेर गेले. थोड्या वेळाने पुन्हा दारात येऊन उभे राहिले. रिकाम्या हातांचे काय करावे ते त्यांना कळत नव्हते.

"काय हो?" काकूंनी विचारले.

"काही नाही," काका म्हणाले. "नुसता आलो."