अद्याप बसलेले ४,२१२

माणूस येतो, माणूस जातो. मागे उरते ती नोंद. या गंभीर सत्यावर जुन्नरात २००५ साली आमचं इंटरनेट केंद्र उभं राहिलं. कुणी नाव-पासवर्ड टाकून कॉम्प्युटरवर बसला की सर्व्हरमध्ये 'आले' अशी नोंद व्हायची, मग दर मिनिटाला 'आहेत', आणि उठताना लॉगआउट केलं की 'गेले'. नोंद नाही तर प्रवेश नाही. नियम कडक, म्हणजे अर्थातच उत्तम.

लोडशेडिंग त्याहून कडक. वीज गेली की माणूस घरी जायचा आणि 'गेले' राहूनच जायचं. तीन वर्षांत नोंदी झाल्या अकरा लाख, आणि त्यांत ४,२१२ जण अद्याप बसलेले. (घाटघरचे कुशाबा सलग एकवीस महिने. खुर्च्या सहा.)

केंद्राचे तंत्रज्ञ बदरुद्दीनभाई. जुन्या नोंदी पुसायची परवानगी त्यांनी समितीचे अध्यक्ष चिमाजीअण्णांकडे सात वेळा मागितली. अण्णा म्हणजे देवमाणूस. म्हणाले, "आधी सगळी उठू द्या की! पावणं बसल्यालं असताना झाडू मारायचा? आपल्यात न्हाई तसं."

२००८च्या जूनमध्ये एका दुपारी डिस्क काठोकाठ भरली. नोंदीला जागा नाही, म्हणून प्रवेश नाही. नेमकी तेव्हाच येडगावची अक्षदा नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत, घड्याळात सव्वाचार.

"भाऊ, माझं वर्ष वाया जाईल वो!" पोरगी रडकुंडीला आली.

समितीची तातडीची बैठक भरली. (विषय एक, चहा. विषय दोन, फॉर्म.) कपाकडे बघता बघता बदरुद्दीनभाई म्हणाले, "अण्णा, च्या झाल्यावर पावणं उठतंय का न्हाई?"

"उठतंयच की राव!"

झालं! भाईंनी सर्व्हरपुढे एक कप ठेवला, आत बसलेल्या सगळ्यांना 'घ्या' म्हटलं, ४,२१२ जणांचं शेवटचं 'आहेत' खोडून तिथेच 'गेले' लिहिलं आणि जुन्या नोंदी साफ केल्या. चार त्रेपन्नला अक्षदाचा फॉर्म गेला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी आनंदाच्या भरात तशीच एसटी गाठायला पळाली.

अक्षदा आता पुण्यात नर्सिंगच्या वर्गात बसते. आमच्या नोंदीप्रमाणे ती इथे दोन नंबरच्या खुर्चीवरही बसलेली आहे.

हसा, खुशाल हसा. फक्त तुम्ही शेवटचं लॉगआउट कधी केलं होतं, तेवढं आठवून सांगा. तोवर चहा टाकतो.